सर्व्हे नको म्हणणाऱ्यांना

आमच्या मीरा-भाईंदरात, म्हणजे उत्तन-पालीच्या कोळीवाड्यांत, भाईंदरच्या जुन्या वस्त्यांत आणि हल्ली मीरा रोडच्या सोसायट्यांतही एक तक्रार सतत कानावर येते. विद्यापीठवाले येतात, वह्या उघडतात, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या कहाण्या लिहून घेतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांच्या नावामागे डॉक्टर लागतं, इथे मात्र काही हलत नाही. इथपर्यंत मी तक्रारदारांच्या बाजूने आहे. पण आता या तक्रारीतून एक निष्कर्ष काढला जातोय, की यापुढे संशोधकांना वेशीवरच अडवा. त्यांचं म्हणणं, गोष्टी सांगून कुणाचा गुडघा बरा होत नाही. दवाखान्यात डॉक्टर द्या, स्टेशनात लिफ्ट द्या, आमचं बोलणं लिहून नेऊ नका. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तो मान्य झाला तर विद्यापीठांचं काही बिघडणार नाही, त्यांना अभ्यासाला दुसरं गाव मिळेल. नुकसान आपलं होईल.

आधी रागाबद्दल बोलू, कारण तो खोटा नाही. माझ्या ओळखीच्या एका मासळी विकणाऱ्या मावशींपुढे विद्यार्थ्यांच्या एका गटाने इंग्रजीत छापलेलं संमतीपत्र ठेवलं होतं. मावशींनी सही केली, कारण पोरं चांगल्या घरची दिसत होती आणि उन्हात ताटकळली होती. ऐन विक्रीच्या वेळेतला बराच वेळ त्यांनी दिला. पुढे त्या बोलण्याचं काय झालं, हे त्यांना आजतागायत कुणी येऊन सांगितलेलं नाही. असे अनुभव गोळा करायला कुठल्याही कोळीवाड्यात फार फिरावं लागत नाही.

याहून वाईटही घडलेलं आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या पोटात हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. तिच्यात मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० च्या दशकात ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून या लोकांचं रक्त घेतलं. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनियाचा आणि जमातीच्या मूळ स्थलांतराचाही अभ्यास झाला. आपण या दरीतलेच, असं जमातीची परंपरा सांगते. आणि तिच्याच रक्ताचा आधार घेऊन, तिला न विचारता, ती परंपरा खोडून काढली गेली. जमातीने विद्यापीठाला आपल्या हद्दीत बंदी घातली, कोर्टात गेली, आणि २०१० साली सात लाख डॉलरची भरपाई आणि उरलेले नमुने परत मिळवले. ‘संशोधकांना अडवा’ म्हणणाऱ्यांच्या हातातला हा सगळ्यात जड दगड आहे, म्हणून तो मीच त्यांच्या हातात देते.

पण अशा अनुभवातून गेलेल्या लोकांनी पुढे काय केलं, हेही पाहायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी हवासुपाईंपेक्षा कितीतरी जास्त संशोधक सोसलेत. २०१७ साली त्यांनी स्वतःची आचारसंहिता लिहून प्रसिद्ध केली: आदराने या, खरं सांगा, न्यायाने वागा, काळजी घ्या आणि आमच्या मंडळाच्या मंजुरीची पद्धत पाळा. संशोधन बंद करा, असं त्यांनी म्हटलं नाही, कारण आपली भाषा, आपलं वनस्पतिज्ञान आणि आपले आजार यांची नोंद कुठेच राहिली नाही तर पुढच्या भांडणात आपल्या हातात कागद नसेल, हे त्यांना ठाऊक असावं. अटी घालणं आणि हाकलून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडचा राग हाकलण्याकडे धावतो आहे. त्याने अटी घालण्याकडे वळावं, एवढ्यासाठी हा लेख.

आता मुख्य मुद्द्याकडे येते: गोष्टी सांगून काय होतं?

गडचिरोलीचं उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे, पण त्यातला नेमका भाग विसरला जातो. तिथली ‘सर्च’ ही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची संस्था काही विद्यापीठाची नाही, पण ते दोघे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधन शिकून परतले आणि ते शिक्षण त्यांनी गावात वापरलं. त्या काळी ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशीच सरकारची आणि जगाची समजूत होती. राणीताईंशी बायका वेगळंच बोलत होत्या. अंगावरून पांढरं जाण्याबद्दल, पाळीच्या त्रासाबद्दल, ओटीपोटात दुखण्याबद्दल. हे सगळं ‘बायकांचं असतंच’ म्हणून खाली ढकललेलं. मग दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची रीतसर तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी आयुष्यात कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि गरीब देशांतल्या स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलण्यात त्याचा वाटा आहे.

यात गोष्ट आधी होती, आकडा नंतर आला. बायका बोलल्या नसत्या तर काय मोजायचं, हेच कुणाला सुचलं नसतं. आणि नुसत्याच बोलल्या असत्या, मोजायला कुणी नसतं, तर ते बोलणं ओट्यावरच विरून गेलं असतं. ‘गोष्टी नकोत, डॉक्टर द्या’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की डॉक्टर तेव्हाही होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

आपल्याकडे वळते. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवण्याचं काम पाहा. होडी लागली की टोपल्या उतरतात. बायका बोंबील निवडतात, धुतात, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करतात आणि बांबूंना आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर टांगतात. वरच्या दोरीला हात ताणून, खालच्या दोरीला कमरेत वाकून, मधल्या दोऱ्यांना मान तिरकी करून. आभाळ भरून आलं की घाईघाईने सगळं उतरवायचं, ऊन पडलं की पुन्हा चढवायचं. त्यानंतर पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. आता हीच बाई सरकारी किंवा खासगी, कुठल्याही ओपीडीत गेली तर केसपेपरवर यातलं काय उतरतं? कंबरदुखी, गोळी, पाच दिवस. डॉक्टरचा दोष नाही. त्याच्यापुढे रांग आहे आणि त्याला मिनिटं मोजून द्यावी लागतात. दोरी किती उंचीवर बांधली आहे, ती बाई दिवसभरात पाणी किती पिते, कमी पीत असेल तर का, जवळपास शौचालय आहे का, हे प्रश्न ओपीडीत विचारले जात नाहीत. ते किनाऱ्यावर बसून, तिला वेळ असेल तेव्हा, तिच्या बोलीत विचारावे लागतात. हे काम संशोधकाचं आहे. दोरीची उंची बदलल्याने खांदा वाचतो का, हे पाहणंही त्याचंच काम. त्याला वेशीवर अडवलं की हातात गोळीच राहते.

आणि संशोधन पेपर छापून संपतं, असंही नाही. सर्चने गावातल्या सुईणी आणि आरोग्यदूतांसाठी श्वास मोजायचं एक साधं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. फारसं मोजता न येणाऱ्या बाईच्या हातात निदान आलं. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं, आणि आज देशभरातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या दिवशी जातात, त्या कार्यक्रमाचं मूळ तिथे आहे. मीरा-भाईंदरमध्ये आपल्या सुनेच्या बाळाला पाहायला आशाताई येते तेव्हा गडचिरोलीच्या बायकांनी कधीतरी सांगितलेल्या गोष्टींचा उपयोग आपल्याला होत असतो.

दुसरा आक्षेप महापालिकेच्या आणि सरकारी खात्यांच्या वर्तुळात ऐकू येतो: आकडेवारी आमच्याकडे आहे, वेगळ्या अभ्यासाची गरज काय? त्यांच्याकडे काय आहे ते बघू. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५,२०,३८८ होती, २०११ मध्ये ८,०९,३७८. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायला हवी होती, झाली नाही. शहराचं आजचं नियोजन ज्या मोजणीवर उभं आहे, तिच्यानंतर इथे किती टॉवर उभे राहिले, हे रोज लोकलने येणारा कुणीही सांगेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्याच्या खाली उतरत नाहीत. म्हणजे मीरा रोडच्या विसाव्या मजल्यावरची गृहिणी, पालीची कोळीण आणि मुरबाडच्या पाड्यावरची कातकरी बाई या तिघी ठाणे जिल्ह्याच्या एकाच सरासरीत बसतात. त्या सरासरीतली बाई कुठेच राहत नाही. मुंबईवरचे बहुतेक अभ्यास दहिसर चेकनाक्याला थांबतात, कारण तिथे मुंबई महापालिकेची हद्द संपते. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ पासून मुंबईच्या एम पूर्व वॉर्डात मोठं काम उभं केलं; संस्था देवनारला, वॉर्ड तिच्या अंगणात. आपल्या अंगणात विद्यापीठ नाही. अशा शहराने संशोधकाला नको म्हणणं म्हणजे आधीच धूसर असलेल्या नकाशावरून स्वतःला पुसून घेणं आहे.

अपंगत्वाच्या बाबतीत तर ही उणीव उघडी आहे. २०११ च्या जनगणनेच्या फॉर्मवर अपंगत्वाचे आठ प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकार मानतो. ॲसिडहल्ल्यात होरपळलेली बाई, थॅलेसेमियाचं पोर, पार्किन्सनने हात थरथरणारे आजोबा, स्वमग्न मूल हे सगळे कायद्यात आहेत. त्या फॉर्मवर त्यांची नावानिशी जागा नव्हती. मग आमच्या शहरात दिव्यांग किती, या प्रश्नाचं उत्तर कोण देणार?

लोकलच्या फलाटांवर दिव्यांग डबा थांबतो तिथे दृष्टिहीनांसाठी टीं-टीं वाजणारं यंत्र बसवलेलं असतं. तपासणीच्या कागदावर त्यापुढे बरोबरची खूण होते: यंत्र बसवले, चालू आहे. पण ऐन गर्दीच्या वेळी, उद्घोषणा चालू असताना, शेजारच्या फलाटावरून गाडी धडधडत जाताना तो आवाज पांढरी काठी घेतलेल्या माणसापर्यंत पोचतो का, हे खुणेतून कळत नाही. जिन्यावरून उतरल्यावर तो आवाज कुठल्या बाजूने यायला हवा होता, कुठल्या खांबापाशी तो हरवतो, धक्का लागून दिशा चुकली तर पुन्हा कशी सापडते, हे रोज त्या फलाटावर उभं राहणाराच सांगू शकतो. त्याचं सांगणं म्हणजे गोष्टच. त्या गोष्टीशिवाय ती खूण अर्धी आहे.

आणि अशा गोष्टींनी कायदा हलतो, याचा ताजा पुरावा आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली: रस्ते, वाहनं, सार्वजनिक जागा आम्हाला वापरता येत नाहीत. २०१७ मध्ये न्यायालयाने निर्देश दिले. अंमलबजावणी रखडली. तेव्हा न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राला प्रत्यक्ष स्थिती तपासायला सांगितलं. तिथल्या संशोधकांनी अपंग व्यक्तींचे अनुभव ऐकले, नियम वाचले, दोन्ही शेजारी ठेवले आणि अहवाल दिला. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने त्या अहवालाचा आधार घेतला आणि दिव्यांग हक्क कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची मानकं त्या नियमामुळे नुसत्या शिफारशी बनून राहिली होती, पाळलीच पाहिजेत असं कुणावर बंधन नव्हतं. बंधनकारक मानकं करा, असा आदेश केंद्र सरकारला मिळाला. एकट्या याचिकाकर्त्याने बारा वर्षं झगडून निर्देश मिळवले. त्या निर्देशांना दात का नाहीत, हे विद्यापीठातल्या लोकांनी दाखवून दिलं. स्टेशनात लिफ्ट द्या म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. लिफ्ट मागायचा हक्क ज्या कागदाने बळकट झाला, तो कागद संशोधकांनी लिहिला आहे, आणि त्यात व्हीलचेअरवरून आणि काठी टेकत जगणाऱ्यांचे अनुभव आहेत.

तिसरा आक्षेप विद्यापीठांच्या आतला. गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे, सुटे किस्से आहेत. लोकांचं भलं करणं समाजसेवकांनी करावं, आम्ही शास्त्र करू. या मंडळींना मी दोनच अभ्यास दाखवेन. झारखंड आणि ओडिशात ‘एकजूट’ संस्थेने युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांबरोबर २००५ ते २००८ या काळात महिला गट चालवले. बैठकीत चित्रांची कार्डं असत आणि गोष्ट असे: एका बाईचं बाळ गेलं, कशामुळे गेलं असेल, कुठे कुठे ते वाचवता आलं असतं? बायका वाद घालत, उपाय ठरवत, पुढच्या बैठकीत हिशेब घेत. शेजारच्या तुलनेच्या गावांशी मोजून पाहिलं तेव्हा नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी निघाले. २०१० साली ‘लॅन्सेट’ने हे छापलं. गोष्ट इथे औषधासारखी तपासली गेली आणि खरी ठरली.

त्याच विद्यापीठाच्या साथीने मुंबईत ‘स्नेहा’ संस्थेने ४८ वस्त्यांत तसाच प्रयोग केला. तीन वर्षं. फरक पडला नाही. २०१२ साली त्यांनी तेही जसंच्या तसं छापलं. मला हा दुसरा अभ्यास पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ज्या वस्तीत शेजारी दर वर्षी बदलतात, बाई दिवसभर कामावर असते, दवाखाने पाच प्रकारचे आहेत, तिथे डोंगरातल्या गावची पद्धत उचलून आणून चालणार नाही, हे त्यातून शिकावं लागतं. मीरा-भाईंदर नेमकं अशा दोन्ही जगांच्या मधे आहे. पालीत पिढ्यानपिढ्यांचे शेजार आहेत, गावाचा कारभार पाहणारी जमात आहे, मच्छीमार सोसायटी आहे. नया नगर किंवा काशीमिऱ्याच्या चाळीत भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतो. कुठे काय चालेल, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तपासायचं म्हटलं की संशोधक लागतो.

राहिला प्रश्न मालकीचा. इथे माझं संशोधकांशीही भांडण आहे. आधी चांगलं उदाहरण. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्याजवळच्या गावांतून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आज ‘परी’ या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात, आणि ओवीजवळ गाणारीचं नाव आहे, तिचं गाव आहे. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, रेशनकार्डावर नवऱ्याच्या खाली आहे, तिचं नाव तिच्या ओवीवर आहे. माहिती नाजूक असेल, आजाराची असेल, तर नाव झाकायलाच हवं. पण कसब, आठवण, गाणं, समुद्राचं ज्ञान या गोष्टी ‘एक माहितीदाता’ म्हणून छापणं मला मान्य नाही. वारा कुठून सुटला की जाळं उचलायचं, हे सांगणारा होडीवरचा तांडेल त्या ज्ञानाचा धनी आहे. त्याचं नाव हवं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं समाजाशी सल्लामसलत, लाभात वाटा आणि निष्कर्ष लोकांपर्यंत परत नेणं हे सगळं सांगतात. म्हणजे आपण मागू ते काही जगावेगळं नाही. उत्तन, पाली, चौक इथल्या जमाती आणि मच्छीमार सोसायट्यांनी, मीरा रोडच्या दिव्यांग पालकांच्या गटांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी एकत्र बसून दोन पानांचा मराठी मसुदा करावा. संमतीपत्र मराठीत, आणि गरज असेल तिथे हिंदी, गुजराती, उर्दूत; वाचून दाखवलेलं; दृष्टिहीनांसाठी ऐकता येईल असं. वेळेचा मोबदला, कारण मासळी विकण्याचा तास फुकट नसतो. प्रश्न ठरवताना आपली दोन माणसं टेबलाशी. अहवाल आधी इथे वाचला जाईल, मग बाहेर छापला जाईल. चुकीचं असेल ते दाखवायला महिनाभर मुदत. अभ्यास फसला तरी तेही येऊन सांगायचं. ज्यांना या अटी जाचक वाटतील त्यांनी येऊ नये. ज्यांना वाटणार नाहीत त्यांच्यासाठी खुर्ची मांडावी.

पैसा कुठून, हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात कमकुवत वाटतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो कशावर खर्च व्हावा, हे ठरवण्याआधी शहरातल्या दिव्यांगांना काय अडतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदवणं हा त्या निधीचा पहिला रास्त खर्च आहे. मुंबई विद्यापीठाची महाविद्यालयं याच शहरात आहेत, समाजकार्य आणि सार्वजनिक आरोग्य शिकणारी पोरं रोज याच लोकलने जातात-येतात. महापालिकेने त्यांच्या विभागांना पत्र लिहावं, सोबत आपला दोन पानी मसुदा जोडावा, आणि पहिली बैठक पालिकेच्या सभागृहात न घेता पालीच्या बंदरावर, बोंबील टांगून झाल्यावर, बायकांना सोयीच्या वेळी ठेवावी. तिथे व्हीलचेअर पोचते की नाही, हे त्याच दिवशी कळेल आणि नोंदवहीत पहिली ओळ तीच पडेल.